रेव्हरंड टिळकांचे दुसरे सीमोल्लंघन

चार वर्षांपूर्वी मी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर एक व्याख्यान दिले आणि त्यात एक गोष्ट मुद्दाम सांगितली नाही. हा लेख त्या न सांगितलेल्या गोष्टीबद्दल आहे.

आयोजक भले लोक होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. “धर्मांतराचे फार नको हो. दिवस कसे आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. गमतीचे प्रसंग सांगा. लोक हसतील, चार जण पुस्तक विकत घेतील.” मी “बरं” म्हणालो. म्हणायला फार जड गेले असेही नाही. दुसऱ्या दिवशी मी टिळकांचा विसराळूपणा सांगितला, सोवळ्याओवळ्याचे प्रसंग सांगितले, लोक हसले आणि टाळ्याही पडल्या. सभा संपल्यावर एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षक भेटायला आले. म्हणाले, “छान बोललात. पण आमचे टिळक आलेच नाहीत.” मी उत्तर जुळवत होतो, तोवर त्यांनीच पुढे जोडले, “तसे आमच्या चर्चमध्येही ते हल्ली येत नाहीत. आम्ही त्यांची गीते तेवढी म्हणतो.”

मी मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाच्या लाद्यांचा हिशेब लिहितो. शिक्षण बारावीपर्यंत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर काढलेल्या असतात, बर्फाला गिऱ्हाईक नसते. माझे जे काही वाचन झाले ते बहुतेक या दोन महिन्यांत आणि १८२८ साली स्थापन झालेल्या आमच्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयाच्या जिवावर. मी ख्रिस्ती नाही. नारायण वामन टिळकांकडे वळलो त्याचे पहिले कारण निव्वळ भूगोलाचे होते : माणूस आमच्या जिल्ह्यातला. १८६१ साली करजगावात जन्मलेला. शाळेत त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ केलेली. पण कवीच्या नावामागे ‘रेव्हरंड’ का, हे तेव्हा कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मराठी समीक्षेने टिळकांना एक गोड बिरुद दिले आहे : फुलांमुलांचे कवी. ते खोटे नाही. ‘वनवासी फूल’ लिहिणाऱ्याला आणि बालकवींना आपल्या घरात ठेवून घेणाऱ्याला ते शोभतेही. पण बिरुद एकदा चिकटले की त्याच्या मागचे काही दिसेनासे होते. फुले आणि मुले यांच्याबद्दल कोणाचे भांडण नसते. त्यामुळे टिळक पाठ्यपुस्तकात सुखाने नांदले. दुसरीकडे त्यांची भक्तिगीते ‘उपासना संगीत’ या ख्रिस्ती गीतसंग्रहात गेली, तिथे ती शेकड्यांनी आहेत, आणि रविवारच्या उपासनेत त्यांचे सूर पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसले. एकाच कवीचे दोन वाचकवर्ग झाले आणि त्यांची गाठ पडली नाही. फुलांची कविता शिकवणारा मास्तर गीतसंग्रह उघडत नाही. गीत म्हणणाऱ्याला फुलांच्या कवितेशी कर्तव्य नाही. दोघांकडेही अर्धे टिळक आहेत. आणि दोघांनाही नको असलेला तिसरा एक भाग आहे. तो १९१७ सालचा.

त्याआधी १८९५ कडे जावे लागते, कारण सगळे तिथेच थांबतात. कोकणस्थ ब्राह्मण घर, नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत अध्ययन, मग कुठेच न टिकणारी शिक्षकी, नागपुरात ग्रंथसंपादनाचे काम. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपीय सहप्रवासी भेटतो, नवा करार हातात ठेवतो. पुढे डोंगरावरील प्रवचन वाचल्यावर टिळकांची जी अवस्था झाली तिचे वर्णन अनेकांनी केले आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. बातमी त्यांना मागाहून कळली. त्या काळच्या ब्राह्मण समाजात याचा अर्थ काय होता, ते वेगळे सांगायला नको. नातलग, जेवणाची पंगत, पाण्याचा तांब्या, सगळेच तुटले.

हे धाडस होते यात वाद नाही. त्याची टीकाही खूप झाली आणि कौतुकही. माझा मुद्दा पुढचा आहे. धर्म बदलल्यावर टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत आले. तिथे काम मिळाले, पगार मिळाला, अध्यापनाची जागा मिळाली, मान मिळाला. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. हे पत्र १८४२ पासूनचे. त्याच्या संपादकाची खुर्ची म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजातली मोठीच जागा. सगळे सोडून आलेल्या माणसाला हळूहळू सगळे परत मिळाले. धाडसाची गोष्ट इथे संपवता येते आणि बहुतेक चरित्रलेख ती इथेच संपवतात. उरलेली वर्षे म्हणजे ‘साहित्यसेवा’ असे एका शब्दात म्हणायचे आणि थेट मृत्यूवर यायचे.

पण त्या काळच्या मिशनची घडण थोडी पाहावी. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम, छापखाने हे सारे काम मोलाचे होते. ते नाकारणारा मी नव्हे. दुष्काळात, विशेषतः १८९९-१९०० च्या दुष्काळात, हजारो माणसांना मिशनांनी जगवले. मात्र याच वाटेने मंडळीतल्या पुष्कळ कुटुंबांचा अन्नदाताही मिशनच झाला. पाळक पगारी, मास्तर पगारी, बायबल शिकवणारी बाई पगारी, आणि पगाराचा पैसा समुद्रापलीकडून येणारा. ज्याच्या हातात पैसा त्याच्या हातात निर्णय. अशा मंडळीत श्रद्धा हळूहळू नोकरीसारखी होते. वेळेवर जायचे, नेमून दिलेले करायचे, वरच्यांना नाराज करायचे नाही. देशी ख्रिस्ती माणूस आपल्याच देशात पाहुण्यासारखा राहू लागतो. त्याचे गाणे परके, त्याचे मंदिर परके, बसायचे बाकडेही परके.

टिळकांना हे टोचत होते, याचा पुरावा त्यांच्या गीतांच्या घडणीतच आहे. येशूचे गाणे त्यांनी अभंगात आणि ओवीत आणले, कीर्तन उभे केले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या अर्थाचे त्यांचे सांगणे प्रसिद्ध आहे. लोक ते गोड वाक्य म्हणून उद्धृत करतात. मला त्यात आव्हान दिसते. ज्या पुलावरून मी आलो तो पूल तोडणार नाही, असे तो माणूस मिशनलाही सांगतो आहे आणि तुकारामाला आपल्या मालकीचा समजणाऱ्यांनाही.

सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती खालावलेली. संन्यासी वृत्तीने राहायचे ठरवून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. या दरबाराची कल्पना अशी : ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करणाऱ्या सर्वांची एक बंधुता, आणि तिच्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही. आज हे वाचताना सौम्य वाटते. तेव्हा ते काय होते हे समजायला एवढेच ध्यानात घ्यावे की बाप्तिस्मा ही ख्रिस्ती मंडळीची वेस होती. आत कोण, बाहेर कोण, हे त्यावर ठरे. टिळकांनी स्वतः ती वेस ओलांडण्यासाठी बायको, मुलगा, भाऊबंद पणाला लावले होते. आणि बावीस वर्षांनी तेच टिळक म्हणत होते की ख्रिस्ताच्या दरबारात यायला ही वेस आड येता कामा नये. नोकरी सोडण्यापेक्षा मला ही गोष्ट अधिक अवघड वाटते. आपण ज्याची सर्वांत मोठी किंमत मोजली, ते दुसऱ्याकडून मागायचे नाही. असे करणारी माणसे धर्मात तर सोडाच, आमच्या मच्छीमार सोसायटीतही मी फारशी पाहिली नाहीत.

दरबाराचे पुढे काय झाले, असे कोणी विचारले तर उत्तर छोटे आहे. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. जेमतेम वीस महिने मिळाले. संस्था म्हणून पाहिले तर दरबार फसला, आणि फसलेल्या गोष्टींना चरित्रात एक परिच्छेद मिळतो. पण ठिणगी विझली असेही म्हणता येत नाही. नगरला काम करणारे इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्याच विन्स्लोंनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला होता. भारतीय आणि युरोपीय लोकांनी बरोबरीने, आश्रमाच्या पद्धतीने राहायचा तो प्रयोग होता आणि पुढे त्याचा आश्रम पुण्यात उभा राहिला. व्हेरियर एल्विन भारतात आले ते याच संघात. साताऱ्याच्या खोलीतून निघालेली वाट इथवर तरी दिसते.

आता माझ्या मनातली आडकाठी. ती टिळकांच्या भक्तांना आवडणार नाही.

बंदरावर राहणाऱ्याला धाडस या शब्दाबद्दल थोडा संशय असतो. वादळाची सूचना असताना होडी बाहेर काढणारा तांडेल आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी एखादा निघतोच. तो परत आला की धक्क्यावर त्याचे नाव होते. पण होडीत तो एकटा नसतो. सहा-सात खलाशी असतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. टिळकांची दोन्ही सीमोल्लंघने वाचताना मला नेहमी त्या खलाशांची आठवण होते. १८९५ चा निर्णय टिळकांचा, आणि त्याचे चटके पंढरपुरात, नाशकात नातलगांच्या आधाराने राहिलेल्या लक्ष्मीबाईंना. १९१७ मध्ये पगार सोडण्याचा निर्णयही टिळकांचा, आणि चूल लक्ष्मीबाईंची. ख्रिस्तासाठी सर्व सोडणाऱ्याच्या ‘सर्व’मध्ये जिवंत माणसे असतात, हे धाडसाची प्रवचने सहसा सांगत नाहीत.

‘स्मृतिचित्रे’ हे १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेले पुस्तक नेमके हेच सांगते, असे माझे वाचन आहे. आपण त्याला विनोदी आत्मचरित्र करून टाकले. लक्ष्मीबाईंची शैली हसवते हे खरे. पण हसवता हसवता त्या नवऱ्याच्या उदारपणाचा, लहरीपणाचा, रागाचा पै-पैचा हिशेब मांडतात. मी हिशेबनीस आहे, मला ती वही ओळखता येते. तिच्यात कुठे तक्रारीचा सूर नाही, म्हणून येणे बाकी नाही असे होत नाही. टिळक घरात आणून बसवतात ती माणसे पानावर बसतात तेव्हा पीठ किती उरले आहे हे माहीत असलेली व्यक्ती हे पुस्तक लिहिते आहे. व्याख्यानात मी लोकांना हसवले ते याच ओळींवर. आता पुन्हा वाचताना त्याच ओळींवर माझे हसू थांबते.

आणि मग लक्ष्मीबाईंचे स्वतःचे धाडस. ते नवऱ्याच्या धाडसासारखे एका दिवसात झाले नाही. ताटातुटीला पाचेक वर्षे होत आली तेव्हा त्या टिळकांकडे राहायला आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांनी आपले पाणी वेगळे ठेवले, स्वयंपाक वेगळा ठेवला. नवरा रेव्हरंड होण्याच्या वाटेवर आणि बायकोचे सोवळे चालू! लोक याला हट्ट म्हणतात. मला यात विलक्षण प्रामाणिकपणा दिसतो. जे मला पटलेले नाही ते मी तुमच्यासाठी पटले म्हणणार नाही. नंतर जातीविषयी त्यांनी स्वतःशीच विचार केला. देवाने जाती केल्या की माणसाने? उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे पाणी पिणे सुरू केले. कोणी प्रवचन दिले नाही, कोणी वाद जिंकला नाही. बाप्तिस्मा १९०० साली. आयते मिळालेले काहीही त्यांनी श्रद्धा म्हणून वापरले नाही, हिंदू असतानाही नाही आणि ख्रिस्ती झाल्यावरही नाही.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभले आणि दहा-अकरा अध्यायांपाशी सोडून ते गेले. ते पुढे नेले शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी. थोडेथोडके नाही, चौसष्ट अध्याय त्यांनी लिहिले. काव्य म्हणून ते सगळे सारख्या तोलाचे नाहीत. काही ठिकाणी ओवी नुसती चालत राहते, तिला धाप लागलेली ऐकू येते. समीक्षकाने तसे म्हणावे. पण नवऱ्याचे अपुरे राहिलेले काम उचलणे एक आणि त्याच्या सहापट लिहिणे दुसरे. तिथे ते काम त्याचे उरत नाही. या अध्यायांचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. ‘स्मृतिचित्रे’वर एवढे लिहिणाऱ्या आपण ‘ख्रिस्तायन’ उघडून पाहत नाही, कारण ते धार्मिक. म्हणजे बाईंचा विनोद आपला आणि बाईंची श्रद्धा त्यांची त्यांना लखलाभ!

हे केवळ टिळक दांपत्याबाबत घडले असते तर एक वेळ चालले असते. पंडिता रमाबाईंचेही तसेच झाले. स्त्रीशिक्षण, शारदा सदन, विधवांचा कैवार एवढे आपण घेतो. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला घेतलेला बाप्तिस्मा घाईने ओलांडतो. पण रमाबाईंची खरी झुंज तिथून पुढे सुरू होते आणि ती आपल्याच नव्या धर्मसत्तेशी आहे. ज्या भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी १९७७ साली संपादित करून प्रसिद्ध केला. तो प्रत्येक मराठी ख्रिस्ती माणसाने आणि प्रत्येक मराठी हिंदू माणसानेही वाचावा. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती ना मला कळतात ना माझ्या लोकांना, त्यापेक्षा संस्कृत का नको, असे रमाबाई विचारतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने सुटले ते दुसऱ्याच्या जोखडात मान घालायला नव्हे, अशा अर्थाचे त्या लिहितात. सोळाव्या वर्षी आईबाप गमावलेली, पुढे वैधव्य आलेली, लहान मुलगी पदरात असलेली, परमुलखात दुसऱ्याच्या अन्नावर असलेली बाई हे लिहिते आहे! पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायचे काम हाती घेतले ते साध्या बायकांना कळावे म्हणून. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पूर्ण बायबल छापून झाले ते त्यानंतर.

रमाबाई आणि टिळक यांच्यात मतभेदाला पुष्कळ जागा होती. दोघांना एका दोरीत बांधायचा माझा इरादा नाही. रमाबाईंची श्रद्धा उत्तरोत्तर कडक होत गेली, टिळकांची उत्तरोत्तर मोकळी. साम्य एवढेच की धर्मांतर हा दोघांनाही मुक्काम वाटला नाही. आणि दुसरे साम्य आपल्यातले, म्हणजे वाचकांतले : दोघांचाही हा भाग आपण गाळला.

कोणी म्हणेल की हा सगळा शंभर वर्षांपूर्वीचा मामला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले. ‘सुवार्ता’चे संपादन करणारा, मराठीत बायबल सुबोध करणारा हा कॅथलिक धर्मगुरू हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावर उतरला. तिथली जमीन आणि पाणी गिळायला निघालेल्यांच्या विरोधात बोलणे जिवावरचे होते. धर्मगुरूने वेदीवर राहावे असे सांगणारे त्यांच्याच लोकांतही असणार. उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा ‘पाद्री कसा अध्यक्ष?’ असे विचारणारे निघालेच. २०२० च्या जानेवारीत ते पाठीच्या दुखण्यासह तिथे गेले आणि जे बोलायचे ते बोलले. टीव्हीवर ते पाहताना मला माझा ‘बरं’ आठवला नाही, कारण तो नंतरचा. आता आठवतो. तिथे एक आजारी म्हातारा विरोध असताना उभा राहतो, आणि इथे एका फोनवर मी माझ्या विषयाचा कणा काढून देतो, तोही विरोध होण्याआधीच.

म्हणून त्या निवृत्त शिक्षकांचे वाक्य मला दोन्हीकडून लागले. त्यांच्या चर्चमध्ये टिळकांची गीते सवयीने म्हटली जातात आणि माझ्या वाचनालयात टिळकांची फुले सवयीने वाचली जातात. मिशन गेले, परदेशी पगार गेला, तरी खुर्चीची ऊब तीच. पुढे मी त्यांना शोधून काढले. तीन-चारदा बसलो. जुन्या गीतसंग्रहातली गीते त्यांनी मला म्हणून दाखवली. आवाज थरथरतो, पण अभंगाची चाल पक्की. देवाच्या दरबाराबद्दल त्यांना विचारले, आज असा दरबार कोणी मांडला तर तुम्ही जाल का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाप्तिस्मा न घेतलेल्याच्या शेजारी बसायला माझी हरकत नाही. मुलीच्या सासरचे काय म्हणतील, ते सांगता येत नाही.” मग त्यांनी मला विचारले, “आणि तुम्ही?” मी म्हटले, “आमच्या आळीतही तोच प्रश्न येईल.” दोघेही हसलो. ते हसू व्याख्यानातल्या हसण्यापेक्षा बरे होते.

यंदा १ ऑगस्टला होड्या बाहेर पडल्या आणि माझे वाचन नेहमीप्रमाणे बंद झाले. त्याच आठवड्यात पूर्वीच्याच आयोजकांचा पुन्हा फोन आला. हिवाळ्यात कार्यक्रम आहे, कोकणातल्या कवींवर बोलाल का? मी म्हटले, टिळकांवर बोलेन, विषय १९१७. त्यांनी विचारले, त्या साली काय झाले? मी थोडक्यात सांगितले. समितीला विचारून कळवतो म्हणाले आहेत.